वजन उतरवायच्या पाककृतींचं पुस्तक घेण्याआधी कसं पारखायचं?

सोलां_आणि_मीठ (फोंडा)

वजन कमी करण्यासाठीच्या पाककृतींचं एक पुस्तक समोर आहे. गुळगुळीत जाड कागद, पानोपानी फोटो, किंमत साडेसातशे. दीडशेच्या आसपास पाककृती आणि प्रत्येकीखाली कॅलरी छापलेल्या. मूळ पुस्तक बाहेरचं आहे, भारतीय आवृत्तीत चाळीसेक ‘किनारपट्टीचे पदार्थ’ वाढवलेत. घरात पाच माणसं, दुपारी शीत-कडी (भात आणि कडी) ठरलेली, सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी). वजन दोघांनाच उतरवायचंय, आठ-दहा किलो. हे पुस्तक रोज ओट्यावर राहील की महिन्याभरात कपाटात जाईल, ते चाळतानाच ओळखायची काही रीत आहे का? चव कशी असेल हा प्रश्न नाही, तो नंतरचा.

तिरफळ

फोटो सोडा. मधल्या कुठल्याही तीन पाककृती उघडा आणि फक्त साहित्याची यादी वाचा. मापं ग्रॅममध्ये आहेत का? ‘तेल आवश्यकतेनुसार’, ‘नारळ एक वाटी’, ‘मूठभर काजू’ असं असेल तर खाली छापलेल्या कॅलरी कशावरून काढल्या हा प्रश्नच आहे. आपल्याकडची वाटी 150 मिलिलिटरचीही असते आणि 200 ची सुद्धा. अमेरिकन कप 240 चा. वाटीभर काजू या घरी 85 ग्रॅम भरतील, त्या घरी 115. म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरींचा फरक पडला, तो काजूतच.

दुसरं, ‘चार जणांसाठी’ हे माप नव्हे. शिजलेला पदार्थ एकूण किती ग्रॅम होतो किंवा एका वाढपात किती ग्रॅम, हे लिहिलेलं असलं तर लेखकाने तो निदान एकदा तरी तोललाय असं समजा. लिहिलेलं नसेल तर ते घरी काढता येतं: रिकाम्या टोपाचं वजन आधी लिहून ठेवायचं, शिजल्यावर भरल्या टोपाचं घ्यायचं, वजाबाकी करून वाढपांनी भागायचं. टोप 820 ग्रॅम, भरल्यावर 2140, म्हणजे कडी 1320 आणि चौघांत 330 ग्रॅम. पाच किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमची नोंद दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा त्या साडेसातशेच्या पुस्तकापेक्षा आधी घ्यावा असं माझं मत आहे.

तिसरं, कॅलरींसोबत प्रथिनं आणि तंतू दिलेत का ते बघा. नुसत्या कॅलरी छापल्या की 180 कॅलरींचं सॅलड आदर्श वाटतं, आणि चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो. मुख्य जेवणात साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं यायला हवीत. ज्या पुस्तकात हा आकडाच नाही त्याने निम्मं काम वाचकावर टाकलंय.

सोलां_आणि_मीठ (फोंडा)

ग्रॅममध्ये आहे. नमुना म्हणून अळसांद्याचं (मोठ्या चवळीचं) तोणाक, म्हणजे वाटणाची उसळ, उतरवते: अळसांदे 200 ग्रॅम (रात्रभर भिजवून), खोवलेला नारळ 100 ग्रॅम, कांदे 2, तेल 2 छोटे चमचे, तोणाकाचा मसाला, थोडी चिंच, सुपारीएवढा गूळ. चार वाढपं. दर वाढपाला 190 कॅलरी. नारळ घालूनही इतक्या कमी?

तिरफळ

नाही बसत. मांडून बघू.

कोरडे अळसांदे 100 ग्रॅमला साधारण 335 कॅलरी, म्हणजे 200 ग्रॅमचे 670. ओला नारळ 100 ग्रॅम, कमीत कमी 350. दोन छोटे चमचे तेल म्हणजे 10 मिलि, 80. कांदे 60. मसाला-गूळ मिळून 40. बेरीज 1200, चारांनी भागून 300.

आता 190 कुठून आले बघा. शिजलेल्या अळसांद्यांचा आकडा 100 ग्रॅमला 116 असतो, कारण त्यात पाणी भरलेलं असतं. तो आकडा कोरड्या 200 ग्रॅमला लावला की 670 च्या जागी 232 येतात. बेरीज 762 आणि दर वाढपाला 190, पुस्तकातला आकडा जसाच्या तसा. म्हणजे नारळ आणि तेल प्रामाणिकपणे धरलंय, चूक कच्च्या-शिजलेल्याची आहे. 200 ग्रॅम कोरडे अळसांदे शिजून अर्ध्या किलोच्या वर जातात, तेवढाच हा घोळ.

हीच चूक भातात, मुगात, पास्त्यात होते. तेव्हा पुस्तक पारखायला कडधान्याची एक, भाताची एक आणि तळलेली एक अशा तीन पाककृती निवडा आणि अशीच आकडेमोड करा. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांतले वापरा. परदेशी तक्त्यांशी थोडा फरक येईल, विशेषतः नारळात, पण 190 चे 300 होण्याइतका नाही. तिन्हींत दहा टक्क्यांच्या आत जुळलं तर पुस्तक विश्वासाचं. दोन चुकल्या तर त्याचे आकडे विसरा, फार तर पाककृती वापरा. तोणाक वाईट नाहीच, शिवराक दिवशी 300 कॅलरींत 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतं. फक्त 190 धरून दोन वाढपं खाल्ली की हिशेब 220 ने चुकतो, आणि मग ‘पुस्तकाप्रमाणे करूनही काटा हलत नाही’.

कुळागर

नारळाबद्दल दोन शब्द, कारण ‘किनारपट्टीचे पदार्थ’ हलके करताना लेखक हमखास इथेच अडखळतात. मध्यम नारळाचं खोबरं तीनशे-चारशे ग्रॅम भरतं. चौघांच्या हुमणाला (नारळाच्या वाटणातल्या मासळीच्या कडीला) अर्धा नारळ पडला तर माणशी 130 ते 175 कॅलरी केवळ वाटणाच्या. ही खाऊ नये अशी गोष्ट नव्हे, पण मोजायची आहे.

पुस्तक म्हणतं ‘नारळ निम्मा करा’. करून बघितलं की हुमण पाणचट होतं, कारण दाटपणा त्या खोबऱ्याच्या बारीक वाटणातूनच येत असतो. मग वरून तांदळाचं पीठ, किंवा पातळ कडी भिजवायला आणखी एक डाव शीत, आणि वाचवलेलं परत पोटात. जाणता लेखक असेल तर त्याच ओळीत उपाय देतो: नारळ निम्मा, सोबत एक मोठा कांदा भाजून, भिजवलेले एक छोटा चमचा तांदूळ घालून गंधासारखं बारीक वाटायचं. तांदळाच्या वीसेक कॅलरी, पण अंग धरतं. आच मंद, खळखळ उकळलं की रस फाटतो आणि पातळ कडीत ते जास्तच दिसतं. तिरफळं ठेचून, सोलां (आमसुलं) शेवटी. पुस्तकात नुसतं ‘लो-फॅट नारळाचं दूध वापरा’ एवढंच असेल तर लेखकाने हुमण केलेलं नाही.

सोलकडीचं पान उघडून बघाच. रस गाळून घेतलेल्या आणि वाटण अख्खं घातलेल्या पदार्थाचा हिशेब वेगळा असतो. गाळल्यावर चोथ्यात थोडी चरबी राहते, जाडसर पहिल्या रसात सगळ्यात जास्त उतरते. आणि फुटी कडी त्या पुस्तकात आहे का? सोलां, हिंग, लसूण, हिरवी मिरची, मीठ, नारळाचा थेंब नाही, कॅलरी जवळजवळ नाहीत. चाळीस पदार्थांत ती नसेल तर यादी हॉटेलच्या मेन्यूवरून उचललेली.

बाजारची_पिशवी (म्हापसा)

माझी कसोटी वेगळी आहे, गणिताची नाही. दीडशे पाककृती कुणी करत नाही. कुठल्याही घरात बारा-पंधरा पदार्थ आळीपाळीने फिरतात. पुस्तकात चिठ्ठ्या घाला: कामाच्या दिवशी, चाळीस मिनिटांत, फोंड्याच्या बाजारातल्या सामानातून होतील अशा पाककृती किती? दहा भरल्या तर घ्या. सॅमन, झुकिनी, केल, किन्वा अशी यादी असेल तर त्या जागी काय चालेल हे लेखकाने सांगितलंय का बघा. सॅमनऐवजी तारले किंवा बांगडा चालतो, तोही तेलकट मासाच. केलऐवजी तांबडी भाजी (लाल माठ) किंवा मस्कासांगेचा (शेवग्याचा) पाला, झुकिनीला दोडका. किन्वाच्या मागे लागू नका. 100 ग्रॅम कोरड्या किन्वात 14 ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात 7 च्या आसपास, पण तांदळासोबत अळसांदे किंवा बांगडा ताटात असला की तो फरक भरून निघतो.

आणि तारखा. गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्यात श्रावणही जवळच. ‘आठवड्यातून चार दिवस ताजा मासा’ असा आराखडा या दिवसांत मोडतो. तेव्हा सुक्या मासळीवर जायचं तर किसमूरला (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीला) सुकी सुंगटां (कोळंबी) नुसती भाजून न वापरता आधी पाण्यातून दोनदा काढा, मग भाजा. मिठाने चरबी वाढत नाही, पण पाणी धरलं जातं, दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दाखवतो आणि माणूस नाउमेद होऊन पुस्तक मिटतो. अंडी, कडधान्यं आणि ताक यांवर पावसाळ्याचं पान पुस्तकात असेल तर उत्तम.

उकडे तांदूळ घ्यायला सांगितलं असेल तर डोळे झाकून मान्य करा, त्याने वजन उतरतंच.

तिरफळ

शेवटच्या वाक्याला हरकत. उकडे असोत की सुरय (न उकडलेले), कोरड्या 100 ग्रॅमला कॅलरी 350 च्या आसपासच. कोंडा राखलेल्या उकड्यात तंतू जास्त, पोट जरा जास्त वेळ भरलेलं वाटतं, हे खरं. पण उकडे ‘चांगले’ म्हणून दीडपट वाढले की हिशेब उलटा. कोरडे 60 ग्रॅम घ्या, शिजून दीडशे ग्रॅमच्या वर होतात, साधारण 210 कॅलरी. याउलट 40 ग्रॅमची पेज केली तर 140 कॅलरींत मोठा वाडगा भरतो. पुस्तकात पेज नाही आणि फ्लॉवरचा भात आहे, असं बरेचदा दिसतं. फ्लॉवरचा चुरा परतून कोरडा खायला ठीक आहे. त्यावर हुमण ओतलं की पाणी सुटून सगळा लगदा.

पोईचंही (गोव्याच्या कोंडा लावलेल्या पावाचंही) तसंच. वरून कोंडा भुरभुरला म्हणजे आत कणीकच आहे असं नाही, मैदाही असू शकतो. पोई तोलूनच मोजा, आकार बेकरीगणिक बदलतो.

बाजारची_पिशवी (म्हापसा)

मान्य. ‘उतरतंच’ हे मागे घेतो, पोटभरीपुरतं म्हणायचं होतं.

पथ्यपाणी

पुस्तकाची प्रस्तावना वाचा, पाककृतींच्या आधी. तिथे तीन गोष्टी असतील तर बंद करून ठेवा: ‘सात दिवसांत पाच किलो’, ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर’, आणि अमुक पदार्थ ‘चरबी जाळतो’. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. रोज 500 ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, पुढे पुढे त्याहून कमी. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर त्यातलं बरंचसं पाणी असतं. आठ-दहा किलोंना पाच-सहा महिने लागतील असं सांगणारं पुस्तक निरस वाटेल, पण खरं तेच.

भारतीय आवृत्ती खरोखर भारतीय आहे का ते बीएमआयच्या तक्त्यावरून कळतं. जुना परदेशी तक्ता असेल तर ‘जास्त वजन’ 25 पासून आणि लठ्ठपणा 30 पासून. आपल्यासाठी जास्त वजन 23 पासून आणि लठ्ठपणा 25 पासून धरतात. कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80, त्यापुढे धोका. नुसत्या पाककृती भारतीय करून तक्ता तसाच ठेवणारे असतात.

तेलाचा अंदाज द्यायचा तर, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे, म्हणजे सहा छोटे चमचे, सकाळच्या पोळ्यापासून रात्रीच्या फोडणीपर्यंत. दिवसाच्या नमुन्यात हे किती होतं ते बेरीज करा. गूळ, मध, काकवी ‘साखर नाही’ म्हणून सढळ वापरली असेल तर तेही धरा, गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच.

घरात कुणी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असेल, तर हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघांना विचारूनच. ‘मिठाऐवजी कमी सोडियमचं मीठ’ ही ओळ विशेष सांभाळा. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांसोबत ते घातक ठरू शकतं.

आणि पेयांचं पान आहे का? 42.8 टक्क्यांची फेणी 60 मिलि घेतली तर मद्यार्काच्याच साधारण 140 कॅलरी, वरचा गोड सोडा वेगळा. रविवारच्या दोन पेगांवर गप्प राहणारं वजनाचं पुस्तक गोव्यात अपुरंच.

सोलां_आणि_मीठ (फोंडा)

तळलेल्याची आकडेमोड कशी करायची? रवा लावलेला बांगडा आहे, ‘तेल तळण्यासाठी’ एवढंच लिहिलंय. शिवाय पाच जणांचा एकच टोप, खाणारे दोघे मोजून. दोन स्वयंपाक होणार नाहीत.

तिरफळ

तेलाची बाटली तळण्याआधी तोला. तळून झाल्यावर तव्यावरचं उरलेलं तेल गाळून परत बाटलीत ओता आणि पुन्हा तोला. जो फरक येईल तो मासळीत गेला (थोडं तव्याला आणि कागदाला, ते सोडा). दर ग्रॅमला 9 कॅलरी. ओव्हनमध्ये करायचं तर 200 अंश सेल्सियस, बारा ते पंधरा मिनिटं, पण रव्यावर एक छोटा चमचा तेल ब्रशने लावा, नाहीतर रवा पांढरा आणि कचकचीत राहतो. पुस्तकात 400 अंश लिहिलं असेल तर ते फॅरनहाइट, आपल्या 200 च्या जवळच.

टोप एकच ठेवा, ताट वेगळं करा. त्या दोघांना शीत 150 ग्रॅम तोलून, मासळीचे दोन तुकडे, भाजी ताटाच्या निम्म्या भागात, आणि कडी डावाने. डाव पाण्याने काठोकाठ भरून काट्यावर ठेवलेल्या भांड्यात एकदा ओतून बघा, जितके ग्रॅम तितके मिलि. तो आकडा डावाच्या दांड्यावर मार्करने लिहा आणि वाढायला रोज तोच घ्या.