मदत हवी आहे: व्हॅनमधला चार्जर थंडही राहावा आणि गप्पही

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. जुन्या व्हॅनचा कॅम्पर (आत झोपता-राहता येईल अशी गाडी) करून घेतलाय, पेंच-ताडोबाकडे चकरा असतात. मागच्या बाकाखालच्या प्लायच्या पेटीत १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चालणारा, गाडी सुरू असताना ही बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि घरच्या विजेवरचा चार्जर, तिन्ही कोंबलेत.

३० अँपिअर म्हणजे जवळपास ४०० वॉट. त्यातले दहा टक्के वाया गेले तरी ४० वॉट उष्णता बंद पेटीत. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, मग चार्जर आपोआप करंट कमी करतो. बाकाची फळी उचलली की थोड्या वेळात पूर्ववत!

रात्री प्लग लावला की दुसऱ्या चार्जरचा टीचभर पंखा किरकिरतो, आणि नेमकी त्याच्यावरच गादी. बायको म्हणते, यापेक्षा डास परवडले.

विचार असा आहे: खाली-वर जाळी पाडून १२० मिलिमीटरचा संथ पंखा रबरी बुशवर, थर्मोस्टॅटसह (ठरावीक तापमानाला पंखा आपोआप चालू-बंद करणारा स्विच) बसवायचा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा फेकतो, म्हणून आवाज कमी. पण हवा आतून घेऊ की गाडीखालून? खालची धूळ भयंकर, आणि दाट फिल्टर लावला तर हवाच अडते. बॅटरी वेगळ्या कप्प्यात हलवावी का? रात्री करंट निम्म्यावर ठेवून पंखा बंद राहतो का, कोणी करून पाहिलंय?

कूलर सुचवू नका, जागा नाही.