मदत हवी आहे : अंटार्क्टिकाच्या सर्वोच्च शिखराचे नाव आणि उंची काय छापावी?

टिंबटिंब : या शिखराचे नाव कुठे 'विन्सन मॅसिफ' तर कुठे 'माउंट विन्सन' असे आढळते, आणि उंचीही ५१४०, ४८९७ व ४८९२ मीटर अशी तीन प्रकारे दिलेली दिसते. यांतले बरोबर काय? मजकूर आजच छपाईला जायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

अक्षांश : आपण नकाशा छापत आहात की प्रश्नसंच? नकाशा असल्यास नाव टिंबाशेजारी येणार की रांगेवर पसरून, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनामास्तर : मी वर्गात कायम 'विन्सन मॅसिफ' हेच शिकवले आहे. तेच छापावे, मुलांना विनाकारण गोंधळात पाडू नये.

हिमरेषा : मास्तर, गोंधळ तिथूनच सुरू होतो. मॅसिफ म्हणजे एल्सवर्थ पर्वतातल्या सेंटिनल रांगेतला सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद असा अख्खा पर्वतसमूह. त्याच्या सर्वोच्च माथ्याला 'माउंट विन्सन' हे वेगळे नाव अमेरिकेच्या नामकरण समितीने २००६ साली दिले. उंचीपैकी ५१४० हा सुरुवातीचा अंदाज, ४८९७ हा १९७९-८० च्या मोहिमेतील सर्वेक्षणाचा आकडा आणि ४८९२ ही २००४ साली माथ्यावर जीपीएस नेऊन केलेली मोजणी आहे.

गिर्यारोहक_पुणे : चढाईसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. चिलीतील पुंता अरेनासहून विमानाने युनियन ग्लेशियरला जावे लागते. दोराचा सराव आतापासूनच सुरू करा.

टिंबटिंब : मला तिथे चढायचे नाही, भिंतीवरच्या नकाशात टिंबाशेजारी नाव घालायचे आहे! आणि तिथे रंग कोणत्या देशाचा द्यावा?

अक्षांश : हे आधी सांगायचे होते. टिंबाला 'माउंट विन्सन, ४८९२ मी.' लिहावे. ती जागा चिलीने दावा केलेल्या पट्ट्यात येते. परंतु १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार असे सारे दावे गोठवलेले असल्याने रंग देऊच नये.

जुनामास्तर : मुळात कार्ल विन्सन या अमेरिकी खासदाराचे नाव तरी का? ही रांग १९३५ साली विमानातून प्रथम पाहिली ती लिंकन एल्सवर्थ यांनी.

हिमरेषा : त्यांचे नाव संपूर्ण पर्वताला दिलेलेच आहे, मास्तर. हे शिखर मात्र अमेरिकी नौदलाच्या विमानातून १९५८ च्या जानेवारीत दिसले, आणि विन्सन यांनी अंटार्क्टिकातील संशोधनाला संसदेत सातत्याने पाठबळ दिले होते.

जुनामास्तर : पाठबळ देणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याचा मान मोठा, या मतावर मी ठाम आहे.

टिंबटिंब : 'माउंट विन्सन, ४८९२' असे पाठवले. मॅसिफ हा शब्द रांगेवर तिरक्या अक्षरांत बसतो का, हे पाहतो.