मदत हवी आहे: उंच शिखराचा ट्रेक, मैत्रिणीला उंचीचा त्रास होतो

मंडळी, आम्ही मित्रमैत्रिणी साडेपाच हजार मीटरच्या एका शिखराचा प्लॅन करतोय, दम सगळ्यांचा चांगलाय पण एकीला मागे ३००० मीटरच्या वर डोकं ठणकायला लागलं, मळमळ, पाणीसुद्धा पोटात टिकेना. त्या उंचीनंतर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं असं वाचलंय, पण बाकीच्यांना घाई आहे. तिला मागे ठेवून मला तरी शिखर नकोच. त्यांना कसं पटवू? उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण त्याने बोटांना मुंग्या येतात त्याचा चढताना त्रास होतो का? आणि समिटच्या दिवशी परत फिरायची वेळ तुम्ही आधीच ठरवता का?