रन रोखणं आणि अख्खा सीझन: ओहायो स्टेटच्या २०२१ ते २०२४ वरून एक प्रश्न

कोलंबसकर

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या आमच्या ओहायो स्टेटचे चार सीझन ओळीनं पाहिले की रन डिफेन्सचं, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्यांना रोखण्याचं, एक कोडं काही सुटत नाही.

२०२१ मध्ये सप्टेंबरात ओरेगन आमच्या घरच्या मैदानावर २६९ यार्ड धावलं आणि ३५-२८ नं जिंकलं. नोव्हेंबरात मिशिगन २९७ यार्ड धावलं आणि ४२-२७ नं जिंकलं. त्यात एकट्या हसन हॅस्किन्सचे १६९ यार्ड आणि ५ टचडाउन (बॉल गोल लाइनपलीकडे नेणं). हे समजतं. रन थांबला नाही, म्हणून सामने गेले.

२०२२ मध्ये डिफेन्सची सूत्रं जिम नोल्सकडे आली. मिशिगनचा मुख्य रनिंग बॅक ब्लेक कोरम गुडघ्याच्या दुखापतीमुळे जेमतेम दोनदा बॉल घेऊन धावला. तरी ४५-२३ नं हरलो. उलट २०२४ मध्ये हाच नोल्स, यातली बरीचशी तीच मुलं, आणि राष्ट्रीय विजेतेपद.

आजकाल सगळेच पास खेळतात, मग सीझन रन डिफेन्सवर का अडतो? आणि तो भक्कम आहे की नाही हे ओळखायला कोणता आकडा बघायचा? ‘दर सामन्यामागे इतके यार्ड दिले’ या आकड्यावरचा माझा विश्वास उडालाय.

चौथा_डाउन

उडाला ते बरंच झालं. कॉलेजमध्ये तो आकडा मुळातच भेसळीचा आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, क्वार्टरबॅक (पास टाकणारा) सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, की गमावलेले यार्ड पासिंगमधून वजा होतात. कॉलेजमध्ये ते रशिंगमधून (धावून मिळवलेल्या यार्डांतून) जातात, वर तो सॅक एक कॅरी (बॉल घेऊन केलेली धाव) म्हणूनही मोजला जातो.

हिशोब करून बघा. समोरच्या संघाच्या नावावर ३० कॅरी, १२० यार्ड. सरासरी ४, म्हणजे ठीकठाक डिफेन्स वाटतो. पण त्यात २८ यार्डांचे ४ सॅक असतील तर खरे रन २६ आणि यार्ड १४८. सरासरी झाली ५.७. हा डिफेन्स रनला गळतोय, फक्त पास रशनं (क्वार्टरबॅकवर चालून जाण्यानं) त्याच्यावर पांघरूण घातलंय. टोकाचं उदाहरण तुमच्याच संघाचं आहे: १ जानेवारी २०२५ च्या रोझ बोलमध्ये ओरेगनचं रशिंग उणे २३ यार्ड लागलं. त्या दिवशी ८ सॅक झाले होते. डिफेन्स जबरदस्तच खेळला, पण तो उणे आकडा बराचसा सॅकचा आहे.

त्यामुळे आधी सॅक बाजूला काढा, मग दोनच गोष्टी मोजा.

पहिली गोष्ट, पहिल्या डाउनवरचा रन. डाउन म्हणजे १० यार्ड गाठायच्या चार प्रयत्नांपैकी एक. तिथे ५ यार्ड गेले की ऑफेन्ससाठी तो डाउन यशस्वी. रन २ यार्डांत आवळला तर दुसरा डाउन ८ यार्डांचा होतो आणि सगळं चित्र पालटतं. दुसऱ्या डाउनला ५ उरले असतील तर रन, पास, प्ले-अॅक्शन (रनचं सोंग करून पास), सगळं शक्य असतं आणि डिफेन्सिव्ह एंडला (बचावफळीच्या कडेच्या माणसाला) जागेवर थांबून वाचावं लागतं. ८ किंवा जास्त उरले की तो बेधडक क्वार्टरबॅकच्या मागे सुटतो. सॅक, घाईतला पास, इंटरसेप्शन (डिफेन्सनं झेललेला पास) यांचं बीज बहुतेक वेळा पहिल्या डाउनवर थांबवलेल्या रनमध्ये असतं. सगळे पास खेळत असूनही सीझन रनवर अडतो तो असा. रन रोखणाऱ्या संघाला पास रश जवळजवळ फुकट मिळतो.

दुसरी गोष्ट, लांब रन. २० यार्डांपुढचे किती दिले? ही वेगळी का मोजायची ते २०२२ च्या सामन्यावरून कळतं. त्यावर खाली कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

नोज_गार्ड

आकडे बरोबर आहेत. आता मैदानावर काय होतं ते सांगतो, कारण ‘रन थांबला नाही’ या तीन शब्दांत चार वेगळ्या चुका लपतात.

ऑफेन्सच्या पुढच्या फळीत मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल, आणि टोकाला टाइट एंड; गॅप म्हणजे त्यांच्यामधल्या फटी. सेंटरच्या दोन्ही बाजूंना ए गॅप, गार्ड आणि टॅकलमध्ये बी, टॅकलच्या बाहेर सी, टाइट एंडच्या बाहेर डी. एक टाइट एंड असेल तर एकूण ७ फटी होतात आणि प्रत्येक फटीला एक नाव लागतं. ४-२-५ रचनेत (४ लाइनमन, २ लाइनबॅकर, मागे ५) बॉक्समध्ये, म्हणजे पुढच्या फळीजवळ, माणसं ६. सातवी फट एकतर सेफ्टी (सगळ्यांत मागचा बचावपटू) किंवा निकल बॅक (मागच्या पाचांतला पाचवा) भरतो, नाहीतर एखादा लाइनमन दीड फट सांभाळतो: ब्लॉकरला छातीवर घ्यायचा, हात लांब करून त्याला धरून ठेवायचा, आणि बॉल कुठे जातो ते पाहून त्या बाजूला सुटायचं. हे काम करणारा नोज टॅकल (सेंटरसमोरचा लाइनमन) मिळाला की डिफेन्सला एक माणूस जास्तीचा मिळाल्यासारखं होतं. २०२१ च्या जॉर्जियाकडे १५० किलोंच्या वरचा जॉर्डन डेव्हिस होता, बाजूला डेव्हॉन्टे वायट आणि ट्रेव्हॉन वॉकर. इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय फायनलमध्ये अलाबामाच्या २८ कॅरींना ३० यार्ड मिळाले, ब्राइस यंगला ५७ पास टाकावे लागले आणि जॉर्जिया ३३-१८ नं जिंकलं.

आता चुका.

लाइनमन ब्लॉकला भिडण्याऐवजी त्याच्या पाठीमागून वळसा घालतो. एखाद वेळी मागे जाऊन धावणाऱ्याला पाडताही येतं, टाळ्याही मिळतात, पण त्याची फट उघडी पडलेली असते. पुढच्या वेळी बॉल तिथूनच जातो.

लाइनबॅकर (लाइनमनच्या मागचा बचावपटू) बॅकफिल्डकडे, म्हणजे क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅककडे, बघत बसतो. त्यानं बघायचं गार्डकडे. गार्ड सरळ पुढे आला तर रन आपल्याकडे. मागे पाऊल टाकून आडवा सुटला तर काउंटर किंवा पॉवर, म्हणजे त्या बाजूला एक नवी फट तयार होणार. रनिंग बॅकचं पहिलं पाऊल काउंटरमध्ये मुद्दाम खोटं असतं. त्यावर भुलला तो दोन पावलं उलटीकडे गेला, आणि तेवढं बस होतं.

कडेच्या माणसाचा आणि लाइनबॅकरचा मेळ तुटतो. पुल करून (आडवा धावत) आलेल्या गार्डला एंडनं आत शिरून स्वतःच्या बाहेरच्या खांद्यावर घेतला तर बॉल बाहेर पळतो, मग लाइनबॅकर बाहेर हवाच. एंडनं बाहेरचा हात मोकळा ठेवून बॉल आत वळवला तर लाइनबॅकर आत हवा. दोन्ही रीती बरोबर आहेत. घोटाळा होतो तो दोघांनी वेगवेगळी रीत धरली की. दोघेही आत शिरले तर कड मोकळी आणि किमान २० यार्ड. कबड्डीत साखळीतल्या एकानं ओढलं आणि दुसऱ्यानं ढकललं तर चढाईपटू जसा मधून निसटतो, अगदी तसं.

चौथी चूक टॅकलिंगची, म्हणजे धावणाऱ्याला पाडण्याची. पाय थांबवून लांबून झेप घेणं. जवळचा पाय धावणाऱ्याच्या पायाशी नेऊन खांदा लावायचा असतो. नुसते हात पोचले तर बॅक सुटतो.

टीव्हीवर बघताना पुढच्या वेळी पहिले दोन सेकंद बॉल सोडून गार्डकडे बघा. बहुतेक वेळा रन कुठे जाणार ते समालोचकाच्या आधी कळेल.

शेवटचा_सेफ्टी

२०२२ बद्दल. त्या सामन्यात ओहायो स्टेटला रन थांबवता आला नाही हे वाक्य मला पटत नाही. डोनोवन एडवर्ड्सचे २२ कॅरींत २१६ यार्ड. त्यातले दोन रन ७५ आणि ८५ यार्डांचे, दोन्ही चौथ्या क्वार्टरमध्ये. ते काढा: उरले २० कॅरी, ५६ यार्ड. सरासरी २.८. एरवी या आकड्यावर कुठलाही कोऑर्डिनेटर खूश होईल.

मग हरले का? रन अडवायला जी किंमत मोजली ती महागात पडली म्हणून. माणसं बॉक्समध्ये ओतली, सेफ्टी पुढे आणले, मागे कोणी उरलं नाही. कॉर्नेलियस जॉन्सननं ६९ आणि ७५ यार्डांचे पास घेऊन टचडाउन केले, कोल्स्टन लव्हलँडनं ४५ यार्डांचा. मग एडवर्ड्सचे ते दोन. ४५ यार्ड किंवा त्याहून लांबचे पाच टचडाउन. पुढची फळी एकदा ओलांडली की धावणाऱ्याला अडवायला कोणी नव्हतं.

म्हणून माझ्या मते ‘रन रोखला का’ हा प्रश्न अर्धा आहे. किती माणसांत रोखला हे विचारा. सहा माणसांत रोखणारा संघ मागे दोन सेफ्टी खोल ठेवू शकतो. आठ लागत असतील तर कॉर्नरबॅक (रिसीव्हरला राखणारे) एकटे पडतात, आणि दर आठवड्याला समोर चांगला रिसीव्हर (पास झेलणारा) असतोच.

२०२१ नि २०२२ मधला फरकही हाच आहे. २०२१ ला रन खरोखरच झेपला नाही. २०२२ ला झेपला, पण उधारीवर. २०२४ ला टायलिक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन मध्ये, कडांना जॅक सॉयर आणि जे. टी. तुइमोलोआउ, सेफ्टीचा लाइनबॅकर झालेला सनी स्टाइल्स, मागे केलेब डाउन्स. पुढच्या चौघांनी आपापल्या फटी भरल्या की डाउन्सला घाई करावी लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. रन रोखणं पुरेसं नसतं. त्याच २०२१ च्या जॉर्जियाला डिसेंबरात एसईसी या त्यांच्या गटाच्या फायनलमध्ये अलाबामाच्या ब्राइस यंगनं ४२१ यार्ड टाकून ४१-२४ नं हरवलं होतं. लाइन तीच होती. त्या दिवशी क्वार्टरबॅकपर्यंत कोणी पोचलं नाही, एवढंच.

कोलंबसकर

‘किती माणसांत’ हे लक्षातच आलं नव्हतं, आभार. एक उपप्रश्न. क्वार्टरबॅक स्वतः धावतो तेव्हा हे गणित बिघडतं का? २०२४ सीझनच्या, जानेवारी २०२५ मधल्या फायनलमध्ये नोत्र दामचा क्वार्टरबॅक रायली लेनर्डनं पहिल्याच ड्राइव्हमध्ये (सलग चढाईत) धावून धावून जीव काढला होता.

नोज_गार्ड

बिघडतं, आणि कॉलेजमध्ये रन डिफेन्स अवघड असण्याचं ते एक मोठं कारण आहे. क्वार्टरबॅक बॉल हातात देऊन बाजूला झाला तर ऑफेन्सकडे कामाची माणसं १०. तोच धावला तर रनिंग बॅक ब्लॉकर होतो आणि डिफेन्सला एक माणूस कमी पडतो. रीड ऑप्शनमध्ये तर एका एंडला ब्लॉकच करत नाहीत, त्याला नुसतं वाचतात. तो आत आला की क्वार्टरबॅक बॉल ठेवतो, थांबला की देतो.

त्यावर आरपीओ, म्हणजे रन की पास हे प्ले सुरू झाल्यावर क्वार्टरबॅकनं ठरवणं. एनएफएलमध्ये पास असताना लाइनमन १ यार्ड पुढे जाऊ शकतो, कॉलेजमध्ये ३. त्या दोन यार्डांत लाइनबॅकरला तो शंभर टक्के रन वाटतो, तो पुढे येतो आणि पास त्याच्या मागे पडतो. शिवाय कॉलेजचे हॅश मार्क (ज्यांच्या दरम्यान बॉल ठेवतात त्या खुणांच्या दोन रांगा) एकमेकांपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलचे १८ फूट ६ इंच. बॉल एका हॅशवर असला की रुंद बाजू खूपच रुंद होते. तिथला निकल बॅक स्लॉट रिसीव्हरकडे जावा की रनकडे, हा निर्णय दर स्नॅपला (प्ले सुरू होताना).

लेनर्डचा तो ड्राइव्ह १८ प्ले, ७५ यार्ड, ९ मिनिटं ४५ सेकंदांचा होता. बचाव शेवटी सोपा असतो: क्वार्टरबॅकसाठी एक माणूस नेमून ठेवायचा आणि दर वेळी त्याला खांद्याचा मार द्यायचा. तो ड्राइव्ह सोडला तर नोत्र दामचं रशिंग आटलं. सामन्याअखेर ५३ यार्ड, निकाल ३४-२३.

चौथा_डाउन

सीझनचा भाग राहिला.

एक तर फिल्म. एका शनिवारी एखादा रन चालला की पुढचे सगळे संघ तो आपल्या फॉर्मेशनमध्ये बसवून आणतात. भगदाड बुजल्याचं फिल्मवर दिसेपर्यंत मारा चालू राहतो. २०२१ च्या सप्टेंबरातला ओरेगनचा सामना म्हणून महत्त्वाचा होता. त्यानंतर ओहायो स्टेटनं डिफेन्सचे प्ले ठरवून हाक देणारा माणूस बदलला, पण सीझनच्या मध्यात हाक बदलते, फळीची सवय बदलत नाही.

दुसरं, सराव. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यात मीटिंगाही आल्या. पूर्ण पॅड घालून भिडण्याचे दिवस थोडे, आणि दुखापतीच्या भीतीनं खाली पाडून टॅकल जवळजवळ कोणीच करत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात, थकलेल्या पायांनी, टॅकलिंग सैल पडतं. उपाय म्हणजे रोटेशन. आतल्या जागांवर खेळण्याजोगे चारच्या जागी सहा-सात लाइनमन हवेत, म्हणजे चौथ्या क्वार्टरला मुलं उभी राहतात. हे भरतीच्या वेळीच ठरतं, ऑक्टोबरात विकत मिळत नाही.

तिसरं, वेळ. रन न थांबणारा डिफेन्स आपल्याच ऑफेन्सला बाकावर बसवतो. २०२३ मध्ये मिशिगननं पेन स्टेटविरुद्ध सलग ३२ रन खेळले आणि २४-१५ नं सामना काढला. एक पास टाकला होता, पण पेनल्टीमुळे तो मोजलाच गेला नाही. त्या सीझनच्या फायनलमध्ये तेच मिशिगन ३०३ यार्ड धावलं, वॉशिंग्टनला ४६ वर रोखलं. ३४-१३.

शेवटचा_सेफ्टी

एक दृश्य जोडतो, कारण २०२४ चं विजेतेपद त्याच्यावर तोललेलं होतं.

कॉटन बोल, म्हणजे उपांत्य सामना, १० जानेवारी २०२५. ओहायो स्टेट २१, टेक्सस १४, शेवटची काही मिनिटं. टेक्ससचा बॉल गोल लाइनपासून १ यार्डावर, पहिला डाउन. पहिला रन मध्ये, शून्य यार्ड, कारण कोणी मागे हटलं नाही. दुसऱ्या डाउनला टॉस (रनिंग बॅककडे बाजूला फेकलेला बॉल), बॉल बाहेर. गोल लाइनवर मागे राखायला खोलीच नसते, त्यामुळे एरवी खोल थांबणारी माणसंही कडेला येऊन उभी असतात, आणि टॉसमध्ये बॉल आधी मागे जातो. कड आत दबली नाही. टेक्सस ७ यार्ड मागे गेलं. आता तिसरा डाउन ८ यार्डांचा, सरळ घुसण्याचा पर्याय संपला. पास जमिनीवर पडला. चौथ्या डाउनला पुन्हा पासच टाकावा लागणार हे सगळ्यांना माहीत होतं, जॅक सॉयरलाही. त्यानं क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवला, उचलला आणि ८३ यार्ड पळाला. २८-१४.

सगळ्यांना सॉयरची धाव आठवते. टेप मिळाली तर दुसरा डाउन बघा, टॉस सुटल्यावर कडेचे दोघे कुठे उभे आहेत ते.