ईएचआर (पेशंटच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी) म्हणजे नुसतं टायपिंग झालंय, पेशंटच्या फायद्यासाठी कसं वापरू?

आमच्या ओपीडीत सगळं कॉम्प्युटरवर आलंय, पण आधी कागदावर लिहायचो ते आता टाईप करतो एवढाच फरक पडलाय. मधुमेह आणि बीपीचे पेशंट जास्त. ज्यांनी खरंच उपयोग करून घेतलाय त्यांनी सांगा ना, सुरुवात कुठून करू? डॅशबोर्ड (सगळ्या पेशंटचे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारा) घ्यावा का?

प्रतिसाद १
डॅशबोर्ड नंतर बघा. आधी प्रॉब्लेम लिस्ट (पेशंटच्या आजारांची यादी), चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी एवढं नीट भरा. मधुमेह नोटमध्ये नुसता वाक्यात लिहिला तर बहुतेक सिस्टिमना तो शोधता येत नाही, यादीतून कोडसकट (आजाराच्या ठरलेल्या क्रमांकासकट) निवडावा लागतो. प्रॉब्लेमनुसार नोंदी ठेवा हे अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं, आणि अजूनही निम्मं काम त्यावरच होतं असं माझं मत. अ‍ॅलर्जीत 'पेनिसिलिन' एवढंच लिहून सोडू नका, काय झालं होतं तेही लिहा, कारण नुसती मळमळ झालेल्या पेशंटलाही मग कायम दुसरंच अँटिबायोटिक दिलं जातं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण खरा फायदा यादी काढण्यात आहे. समोर बसलेला पेशंट तर तुम्ही बघताच हो, जे येतच नाहीत त्यांचं काय? मधुमेहाचा कोड आहे पण ६ महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) नाही, किंवा शेवटची ९ च्या वर, किंवा वर्षभरात लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि डोळ्यांचा पडदा तपासलेला नाही, अशी यादी काढून सिस्टरना फोन करायला द्या. फक्त लॅबचा रिपोर्ट स्कॅन करून चिकटवू नका, आकडा त्याच्या रकान्यात भरा, नाहीतर यादीत तपासणी झालेलेही 'बाकी' दिसतात आणि लोक फोनवर वैतागतात.

धागाकर्ता
हे पटलं. आणि स्क्रीनवर येणाऱ्या इशाऱ्यांच्या पॉपअपचं काय करता? इतके येतात की न वाचताच बंद केले जातात.

प्रतिसाद १
तेच धोक्याचं आहे. कुठले अलर्ट जवळजवळ नेहमीच डावलले जातात ते सिस्टिमवाल्यांकडून काढून घ्या आणि सगळ्यांनी बसून त्यातले बिनकामाचे बंद करा. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) चालू, असले मात्र ठेवाच. आणि मागची नोट कॉपी-पेस्ट करायची सवय मोडा, बंद केलेलं औषध त्यातूनच परत चालू होतं.

प्रतिसाद २
एकदम सगळे आजार घेऊ नका. आधी मधुमेहाची यादी महिन्यातून एकदा, ती अंगवळणी पडली की बीपी.