हाराजुकूला लेकीला घेऊन जायचंय, शॉपिंग नेमकं कुठे करायचं?

सदाशिव_पेठी: एप्रिलमध्ये टोकियोला जातोय, सोबत बायको आणि कॉलेजातली लेक. लेकीने रील्स बघून बघून हाराजुकूचा, म्हणजे तिथल्या फॅशनवाल्या भागाचा, धोशा लावलाय. नकाशावर ती ताकेशिता स्ट्रीट जेमतेम साडेतीनशे मीटर दिसतेय, मग लोक अर्धा दिवस घालवतात तो कशात? आणि आम्ही अंडंही खात नाही, तिथले फेमस क्रेप चालतील का?

निशिकासाईकर: क्रेप विसरा, बहुतेक ठिकाणी पिठातच अंडं असतं. तिथे रंगीबेरंगी कॉटन कँडी मिळते, डोक्याएवढी, ती घेऊन द्या, फोटोपण भारी येतो 😄
शनि-रवि दुपारी अजिबात जाऊ नका, दिवाळीच्या तोंडावरची तुळशीबाग परवडली! वीकडेला जा. दुकानं अकराच्या आसपास उघडतात, त्याआधी मेइजी जिंगू हे देऊळ उरकून घ्या, स्टेशनच्या पलीकडेच आहे, सकाळी लवकर उघडतं आणि तिकीट नाही. मग ताकेशिता एका दमात पार करायची, रस्त्यात कोणी दुकानात चला म्हणून मागे लागलं तर सरळ पुढे चालायचं, आणि लाफोरे गाठायचं, १९७८ पासूनचं मॉल आहे, गॉथिक, लोलिता वगैरे झालरीवाले कपडे बघायचे तर तिथेच. तिथून ओमोतेसान्दो हा मोठा रस्ता ओलांडून कॅट स्ट्रीट. या कॅट स्ट्रीटखाली शिबुया नदी आहे बरं का, १९६४ च्या ऑलिम्पिकआधी झाकून टाकली. म्हणूनच तो असा नागमोडी. रमतगमत थेट शेजारच्या शिबुयाला निघता.

जुनेर_प्रेमी: मला विचाराल तर दहा वर्षं उशीर झालाय. रविवारी गाड्या बंद करून पोरं रस्त्यावर नटूनथटून यायची ते १९९८ ला बंद झालं, त्यांचे फोटो छापणारं फ्रूट्स मासिक २०१७ ला थांबलं, संपादकच म्हणाले की टिपण्यासारखी पोरं उरली नाहीत. आता टुरिस्ट टुरिस्टांचे फोटो काढतात. सेकंड हँड कपडे हवेत तर शिबुयाहून इनोकाशिरा लाईनची एक्सप्रेस पकडा, पहिलंच स्टेशन शिमोकिताझावा.

निशिकासाईकर: @जुनेर_प्रेमी अहो पण त्यांची लेक पहिल्यांदा येतेय, तिला कुठे १९९८ आठवतंय! जाऊदे की तिला. शिमोकिता दुसऱ्या दिवशी करा.

सदाशिव_पेठी: धन्यवाद दोघांना. साइझचं काय? लेक उंच आहे.

जुनेर_प्रेमी: "फ्री साइझ" लिहिलेलं असतं ते बारीक, बुटक्या पोरींना फ्री, ट्राय केल्याशिवाय घेऊ नका. ट्रायल रूममध्ये बूट बाहेर काढायचे, तोंडावर घालायला पातळ कापडी पिशवी देतात, मेकअप कपड्याला लागू नये म्हणून, घाबरू नका. सेकंड हँडमध्ये अमेरिकन माल बराच असतो, त्यात उंच माणसाचं जमतं. आणि ओरिजिनल पासपोर्ट जवळ ठेवा, एका दुकानात एका दिवशी ५००० येनच्या वर गेलात की टॅक्स-फ्री, झेरॉक्स चालत नाही.