पाव फुगलाच नाही : ब्रेड मशीनचे अनुभव सांगा

राजेंद्रनगर, इंदूर
काल लेकीचा बंगळूरहून फोटो आला. नवं ब्रेड मशीन, पहिला पाव, आणि खाली एवढंच, "आई, वीट झाली." बघितलं आणि मला २००८ चा डिसेंबर आठवला. दिरांनी अमेरिकेतून आणलेलं मशीन, ११० व्होल्टचं, शेजारी पाटाएवढा ट्रान्सफॉर्मर. अण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे, दात काढले होते, पोळी चावत नव्हती. त्यांच्यासाठी घरचा मऊ पाव करायचा होता. सलग पाच पाव बसले. अण्णा कडा बाजूला काढायचे, मधला भाग दुधात कुस्करायचे आणि म्हणायचे, चव चांगली आहे हो.

मी मशीनला दोष देत राहिले. सहाव्या वेळी कळलं की यीस्टच मेलंय. डबा उन्हाळाभर ओट्यावर, गॅसच्या शेजारी. नवं पाकीट आणलं, अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घातलं, दहा मिनिटांत फेस काठापर्यंत. त्या दिवशी पाव झाकणाला टेकला. अण्णांनी लोणी लावून दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मशीन माळ्यावर आहे, देववत नाही.

लेकीला काय काय तपासायला सांगू? तुमचं काय चुकलं होतं ते लिहा, तिला सगळं पाठवणार आहे.

सुदामानगरची
पाणी किती गरम होतं विचारा. माझं तेच झालं होतं. चाळीस अंशांच्या आत, मनगटावर थेंब टाकला तर जेमतेम ऊब लागेल इतकंच. साठाला यीस्ट संपलं. कुकर झाला, पुढचं मग लिहिते

बाफलेवाले काका
पीठ कोणतं ते आधी विचारा. बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे शेतावरचा कठिया गहू येतो, पूसा तेजस. इथल्याच, इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातलं वाण. बाफले, लाडू, दलिया, त्याला तोड नाही. त्याच पिठाचा पाव केला, चार बोटंसुद्धा वर आला नाही. कठियात प्रथिनं भरपूर, पण त्याचं ग्लुटेन चिवट असतं, फुग्यासारखं ताणत नाही. पावाला ताणणारं ग्लुटेन लागतं, तरच आतला वायू धरून ठेवतं. शिवाय चक्कीच्या पिठातला कोंडा ते धागे तोडतो. निम्मा मैदा घाला, कणकेला पाणी थोडं जास्त, आणि मशीनवर गव्हाच्या पावाचा वेगळा, लांब प्रोग्रॅम असतो तोच लावा. मी दीड वर्ष साध्या प्रोग्रॅमवर करत होतो.

स्नेहलतागंज
काका, बाफले आधी पाण्यात उकळता की वाफवता?

बाफलेवाले काका
उकळून. वर तरंगले की काढायचे, मग भाजायचे. दह्याचा हात लावा कणकेला.

स्नेहलतागंज
आमच्या आजी हळद आणि ओवा पण घालायच्या. रविवारी करतेच आता

ग्वाल्हेरहून
अण्णांचं वाचून डोळे भरले ताई.
आमच्याकडे जानेवारीत होतच नाही. पीठ गार, लोणी फ्रीजमधलं, दूध फ्रीजमधलं. आता सगळं रात्रीच बाहेर काढून ठेवते आणि दूध तापवून कोमट करून घालते. तेवढ्यानेच फरक पडला.

बडोदेकर
पातं! भांड्यात पातं बसवायलाच विसरलो होतो. तीन तासांनी वर भाजलेलं कोरडं पीठ, खाली चिखल. मुलांनी काही न बोलता पोहे करून दिले.

रामबाग
माझा उलट प्रॉब्लेम. छान फुगतो आणि भाजताना मध्ये खड्डा. मे महिन्यातच होतं.

सुदामानगरची
आले. रामबागताई, ते जास्त फुगून बसतं. मे महिन्यात घरातच पस्तीस असतं, त्यात मशीनची ऊब. यीस्ट पाऊण चमचा करा, पाणी माठातलं घ्या. आणि मीठ विसरलं नव्हतं ना? मीठ यीस्टला आवर घालतं. फक्त दोघांना एकमेकांवर ओतू नका, मीठ एका कोपऱ्यात, यीस्ट पिठात खळगा करून सगळ्यात वर. रात्री टायमर लावणार असाल तर यीस्टला पाणी लागताच कामा नये, नाहीतर पहाटेपर्यंत त्याचा जोर संपतो.

टिळकनगर
आमची लाईट गेली दुसऱ्या फुगवणीला. आलं तेव्हा मशीन परत पहिल्यापासून मळायला लागलं. तो गोळा काढून डब्यात ठेवला, कुकरमध्ये शिटी काढून भाजला. मुलीच्या वाढदिवसाचा होता. संपला मात्र सगळा.

रामबाग
यीस्ट इथे चांगलं कुठे मिळतं? कॉलनीतल्या दुकानात तारीख उलटलेलं दिलं मला

बाफलेवाले काका
सियागंजात जा, खप असतो त्यामुळे ताजं असतं. लहान पाकिटं घ्या. उघडलं की हवाबंद डबीत, फ्रीजरमध्ये.

लोकमान्यनगर
कप! मशीनबरोबर आलेला कप हरवला म्हणून मी चहाच्या कपाने पीठ आणि मापाच्या भांड्याने पाणी घेत होते. आता वजनकाटा घेतलाय. आणि मळायला लागून दहा मिनिटं झाली की झाकण उघडून बघतेच. गोळा गुळगुळीत, बोटाला किंचित चिकटणारा हवा. भिंतीला पसरला तर चमचाभर पीठ, पातं खटखट वाजलं तर चमचाभर पाणी. भाजणी सुरू झाली की मात्र उघडू नका.

राजेंद्रनगर, इंदूर
सगळ्यांचं तिला पाठवलं. आत्ता ग्लासाचा फोटो आलाय. बारा मिनिटं झाली, वर एक बुडबुडा नाही. यीस्टच गेलेलं. ऑनलाईन मागवलं होतं म्हणे, दोन दिवस सोसायटीच्या गेटवर उन्हात पडून होतं. संध्याकाळी नवं आणणार आहे.

टिळकनगर
ताई तुमचा तो ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा होता? बहिणीने तिकडचं मशीन दिलंय, तसंच पडून आहे.

राजेंद्रनगर, इंदूर
हजारचा. मशीनच्या तळाला वॅट लिहिलेले असतात, त्याच्या दीडपट तरी घ्या. नाहीतर माझाच घेऊन जा, मशीनसकट माळ्यावरून उतरवते.